पोपडे का येतात? टर्बो आणि सायलेन्सरला सिरॅमिक कोटिंग देण्याआधीचं काम

“एवढे पैसे घालून मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं आणि दोन महिन्यांत पोपडे निघाले. माल खोटा होता का?”

हा प्रश्न हौसेनं गाडी सजवणाऱ्या पोराचा असतो, तसाच ऊसवाहतुकीच्या ट्रकमालकाचाही असतो. पुणे-सोलापूर महामार्गावरचं वरवंड हे दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांचं गाव आहे. एका बाजूला पाटसचा भीमा कारखाना, चौफुल्यावरून शिरूरकडे वळलं की न्हावऱ्याचा घोडगंगा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ट्रक, ट्रॅक्टर आणि ऊसतोडणीचे हार्वेस्टर रात्रंदिवस धावतात. हंगाम संपला की हीच यंत्रं खोलून दुरुस्तीला लागतात, आणि तेव्हाच कुणाच्या तरी डोक्यात कोटिंगचा विचार येतो.

माल क्वचित खोटा असतो. बहुतेक वेळा फवारा मारण्याच्या आधी जे व्हायला हवं होतं ते झालेलं नसतं. कोटिंगच्या एकूण कामात फवारा काही मिनिटांचा असतो. बाकी सगळी तयारी. त्यातली निम्मी तयारी गॅरेजातच, भाग कोटिंगवाल्याकडे पाठवण्याआधी होते. ती कशी करायची आणि का, हे या प्रकरणात पाहू.

१. कुठलं सिरॅमिक?

शोरूममधून नवी गाडी घेताना रंगावर जे ‘सिरॅमिक’ मारून देतात, त्याचा इथे संबंध नाही. ते म्हणजे रंगाची चमक टिकवणारा पातळ द्रव असतो. सायलेन्सरवर ते मारलं तर पहिल्याच फेरीत जळून जाईल.

इंजिनच्या गरम भागांवर मुख्यतः दोन प्रकार चालतात.

पहिला प्रकार पातळ थराचा. रंगासारखाच स्प्रेगननं मारतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग. यातला चांगला माल ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे टिकतो. काही माल हवेवर काही दिवसांत पक्का होतो, काही भट्टीत भाजावा लागतो.

दुसरा प्रकार प्लाझ्मा स्प्रेचा. यात झिर्कोनिया नावाच्या पदार्थाची पूड अतितप्त वायूच्या झोतात वितळवून भागावर मारतात. झिर्कोनिया वितळतो तो २७०० अंशांच्या आसपास. शुद्ध झिर्कोनियाची एक खोड आहे: गार-गरम होताना ११७० अंशांच्या सुमाराला त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आकारमान बदलतं आणि तो तडकतो. म्हणून त्यात इट्रिया नावाचं ऑक्साइड थोडं मिसळून त्याची रचना स्थिर करतात. जेट विमानांच्या टर्बाइनच्या पात्यांना याच जातीचं कवच असतं. हा थर पाव ते तृतीयांश मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्याखाली आधी धातूचा एक सांधणारा थर द्यावा लागतो.

पहिला प्रकार स्वस्त, सोपा आणि जास्त प्रचलित. दुसरा महाग, आणि तो करणारे मोजके. दोन्हींच्या तयारीची तत्त्वं मात्र एकच आहेत.

२. उष्णता आत ठेवायची कशासाठी?

इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो आणि जोरात असतो. त्यातली ताकद फुकट जाते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या वाया जाणाऱ्या ताकदीवर पेटंट घेतलं: धुराच्या झोतावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हाच टर्बोचार्जर. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक डिझेल कार टर्बोची आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात बनलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन टाटाच्या व्हिस्टा आणि झेस्टसारख्या गाड्यांत बसलं, ते टर्बोचंच.

धूर जितका गरम राहील तितकी टर्बोच्या चाकाला ताकद जास्त मिळते. डिझेल इंजिनात जोर लावल्यावर हा धूर ७०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोल टर्बोत ९५० च्याही वर. ही उष्णता मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीतून बाहेर पडली की एकीकडे टर्बोची ताकद जाते, दुसरीकडे बॉनेटखालच्या वायरी, रबरी होज आणि बॅटरी तापते.

उसाच्या हार्वेस्टरवर तर हा थेट आगीचा प्रश्न आहे. सुकं पाचट साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे पेट घेऊ शकतं. जोरात चाललेल्या इंजिनचं उघडं मॅनिफोल्ड त्याहून बरंच गरम असतं.

मग कोटिंगनं किती उष्णता अडते? एक छोटं गणित करू. थराची अडवण्याची ताकद म्हणजे त्याची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता. बिडाची वाहकता साधारण ४० आणि फवारलेल्या झिर्कोनियाची साधारण १ धरू.

बिडाची ५ मिलिमीटरची भिंत: ५ ÷ ४० = ०.१२५.
झिर्कोनियाचा ०.३ मिलिमीटरचा थर: ०.३ ÷ १ = ०.३.
पातळ थर, ०.०२५ मिलिमीटर, आणि तो झिर्कोनियाइतकाच अडवतो असं धरलं: ०.०२५ ÷ १ = ०.०२५.

म्हणजे प्लाझ्मा स्प्रेचा तो नखाएवढा थर १२ मिलिमीटर बिडाइतकं अडवतो. पातळ थर मात्र जेमतेम १ मिलिमीटर बिडाइतकं. प्रत्यक्षात धूर, भिंत आणि बाहेरची हवा यांच्यातली देवाणघेवाणही हिशेबात येते, त्यामुळे गाडीवर दिसणारा फरक याहून कमी असतो. पण एक गोष्ट यातून कळते. पातळ थर घेणाऱ्यानं मुख्य अपेक्षा गंजापासून बचाव आणि देखणेपणाची ठेवावी. उष्णतेतली घट हा वरचा लाभ. पुष्कळ तक्रारी या अपेक्षेच्या घोटाळ्यातून निघतात.

३. थर धरून कशाला राहतो?

चुलीमागच्या धुरकट, तेलकट भिंतीवर कितीही चांगला चुना मारला तरी तो धरत नाही. भिंत आधी खरवडावी लागते. कोटिंगचंही तसंच आहे. थर धातूला धरतो तो दोन गोष्टींवर: पृष्ठभाग स्वच्छ असणं आणि तो खरखरीत असणं. स्वच्छ असेल तर थर धातूला थेट भिडतो. खरखरीत असेल तर सूक्ष्म खाचांत घुसून अडकून बसतो.

गरम भागावर या पकडीची कसोटी लागते, कारण धातू तापला की वाढतो आणि थर त्याच्याबरोबर तितकाच वाढत नाही. एक मीटर लांबीचा स्टेनलेसचा पाइप ६०० अंशांनी तापला तर साधारण १० मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचं बीड सुमारे ७ मिलिमीटर वाढतं आणि झिर्कोनिया सुमारे ६. बिडावर फरक एकाच मिलिमीटरचा, स्टेनलेसवर चारचा. गाडी चालू झाली, बंद झाली, पुन्हा चालू झाली, की प्रत्येक वेळी ही ओढाताण होते. जिथे पकड ढिली, तिथे थर आधी सुटतो. तेलाचा एक डाग, बोटाचा एक ठसा, गंजाची एक टिकली एवढंही पुरतं.

म्हणून पोपडा नेहमी कुठून सुटला ते पाहावं. संपूर्ण भागावर सारखा सुटला असेल तर ब्लास्टिंग, म्हणजे दाण्यांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं, कमी पडलं किंवा धातू तेलकट होता. कोपऱ्यात किंवा वेल्डच्या कडेला सुटला असेल तर तिथे नोझल पोचलंच नव्हतं. एखाद्या रेषेवर सुटला असेल तर खाली भेग असण्याची शक्यता मोठी.

४. खोलणं: काय पाठवायचं, काय घरी ठेवायचं

टर्बो अख्खा उचलून कोटिंगवाल्याकडे नेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टर्बोचे तीन भाग असतात. धुराच्या बाजूचं बिडाचं टर्बाइन हाउसिंग, हवेच्या बाजूचं ॲल्युमिनियमचं कंप्रेसर हाउसिंग, आणि मधला गाभा, ज्यात दांडा, बेअरिंग, ऑइल सील आणि दोन्ही चाकं असतात. कोटिंगला जातं ते टर्बाइन हाउसिंग, शिवाय मॅनिफोल्ड आणि डाउन पाइप. गाभा कधीच नाही. त्याच्या बेअरिंगमध्ये ब्लास्टिंगचा एक दाणा गेला तर टर्बो गेला म्हणून समजा.

खोलण्याआधी हाउसिंग आणि गाभा यांच्यावर मिळून एक खूण करावी, म्हणजे परत बसवताना तेलाचे पाइप आणि फ्लँज नेमके जुन्या कोनात येतात. खूण मार्करनं केली तर ब्लास्टिंगमध्ये पुसली जाईल. ठोकून केलेली बारीक टिकली राहते, पण ती मिळवणीच्या पृष्ठभागावर करायची नाही. शिवाय मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो.

स्टड गंजून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. न सुटल्यास बिडाचा भाग भोवतीनं तापवून पाहावा. जोर लावून स्टड मोडला तर ड्रिल करून नवे आटे पाडावे लागतात, आणि ते काम कोटिंगच्या आधीच व्हायला हवं.

काढायच्या वस्तूंची यादी अशी: ऑक्सिजन सेन्सर, तापमानाचे सेन्सर, पॅकिंग, क्लँप, उष्णतारोधक पत्रे, वेस्टगेटचा ॲक्च्युएटर. वेस्टगेटची झडप काढणं जमत नसेल तर तसं कोटिंगवाल्याला आधी सांगावं. झडपेच्या दांड्याला जी बुश असते तिथे दाणे अडकले तर ती जाम होते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) ब्लास्टिंगला द्यायचे नाहीत. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ बहुधा टर्बोच्या अगदी जवळ बसवलेला असतो, कधी डाउन पाइपशी एकसंध. त्याच्या आतल्या जाळीत दाणे शिरले की ते परत निघत नाहीत.

५. भेगा, वेल्डिंग आणि जुना मुलामा

कोटिंग भेग बुजवत नाही, फक्त लपवते. आणि तापल्यावर भेग उघडली की थर तिथूनच फाटतो.

बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये दोन पोर्टांच्या मधल्या भागात आणि टर्बाइन हाउसिंगच्या आत, धुराचा मार्ग अरुंद होतो तिथल्या जिभेवर, भेगा जास्त आढळतात. तपासायला वर्कशॉपमध्ये लाल रंगाची डाय चाचणी करतात. स्वच्छ भागावर लाल पातळ द्रव मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा फवारा मारायचा. भेगेत मुरलेला रंग पांढऱ्यावर बारीक लाल रेष उमटवतो. हाउसिंगच्या आतली छोटी भेग प्रत्येक वेळी धोक्याची असतेच असं नाही, पण आरपार गेलेली किंवा फ्लँजपर्यंत पोचलेली भेग दिसली तर त्या भागावर कोटिंगचा खर्च करू नये.

नवा पाइप किंवा मॅनिफोल्ड बनवून घेत असाल तर वेल्डिंगचं सगळं काम आधी संपवा. सेन्सरची बुश, हँगर, ब्रॅकेट काही राहू नये. कोटिंगनंतर वेल्ड केलं की त्या भोवतीचा थर जळतो. वेल्डच्या उडालेल्या थेंबांचे दाणे छिन्नीनं काढून घ्यावेत. त्यांच्यावर थर पातळ बसतो आणि दाणा निघाला की थरही जातो.

जुना मुलामा कुठला आहे ते पाहणं तितकंच महत्त्वाचं. क्रोम केलेल्या सायलेन्सरवर थर धरत नाही. क्रोम प्लेटिंगवाल्याकडूनच रसायनानं उतरवून घ्यावा. घरी ग्राइंडर लावून त्याची धूळ नाकात घालू नये. जस्ताचा मुलामा असेल, म्हणजे भाग गॅल्व्हनाइज्ड असेल, तर अडचण मोठी. जस्त ४२० अंशांना वितळतं, म्हणजे थराच्या खालची जमीनच वितळणार. शिवाय गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं ताप येतो. एक्झॉस्टचा भाग बनवायला असा पाइप घेऊच नये.

६. तेल बाहेर काढणं

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि सगळ्यात जास्त पोपडेही हिच्यामुळेच निघतात.

बीड दिसायला घट्ट असतं, पण त्याच्यात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे आणि ओतताना राहिलेली सूक्ष्म छिद्रं असतात. वर्षानुवर्षं गळलेलं तेल त्यात मुरतं. डिझेलनं धुतलं की वरचं तेल जातं, पण डिझेलचाच एक तवंग मागे राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा.

आधी जाड काजळी आणि चिकट तेल तारेच्या ब्रशनं आणि ग्रीस काढणाऱ्या साबणी द्रवानं काढा. बीड आणि लोखंड कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकलं तर चालतं. ॲल्युमिनियमचा भाग मात्र चुकूनही टाकू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. दोन्ही हाउसिंग एकाच टाकीत टाकणाऱ्याचं कंप्रेसर हाउसिंग वाया जातं.

मग स्वच्छ पाण्यानं धुवा आणि एक साधी चाचणी करा. भागावर पाणी ओता. पाण्याची सलग पातळ चादर पसरली आणि तशीच राहिली तर तेल निघालं आहे. पाणी फाटून थेंब-थेंब झालं तर तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. ही चाचणी ब्लास्टिंगच्या आधीच करायची, आणि लगेच हवेच्या झोतानं भाग सुकवायचा. ब्लास्टिंगनंतर उघड्या बिडावर पाणी पडलं की पाहता पाहता तांबूस होतं.

धुण्यानं वरचं तेल गेलं, आतलं राहिलं. ते काढायला भाग भट्टीत तापवावा लागतो. सर्वसाधारणपणे ३०० ते ४०० अंशांना तासभर. भट्टीतून धूर निघतो तो याच मुरलेल्या तेलाचा. धूर थांबेपर्यंत काम संपलेलं नसतं. पावडर कोटिंगची भट्टी साधारण २०० अंशांच्या आसपास चालते. तिच्यात भाजून आत मुरलेलं तेल पूर्ण निघत नाही. पुढे गाडीवर ४०० अंश लागले की उरलेलं तेल वाफ होऊन थर आतून ढकलतं, आणि फुगवटे येतात. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नये. तेवढं तापमान गाठलं जात नाही आणि धूर विषारी असतो.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतो. असा द्रव लागलेला भाग न सुकवता वेल्ड केला किंवा लाल होईपर्यंत तापवला तर फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावर ‘नॉन-क्लोरिनेटेड’ लिहिलेला घ्यावा, आणि तोही उघड्यावर पूर्ण उडून जाऊ द्यावा.

७. झाकणं

थर नको त्या जागा झाकणं म्हणजे मास्किंग. कोटिंगवाल्याला टर्बोची माहिती असेलच असं नाही. म्हणून कुठे नको ते तुम्हीच चिठ्ठीवर लिहून द्या.

नको असलेल्या जागा: सगळे फ्लँज आणि पॅकिंग बसण्याचे पृष्ठभाग, क्लँप बसण्याची तिरपी खाच, गाभा ज्यात बसतो ती गोल बैठक, वेस्टगेटची बैठक आणि बुश, सगळे आटे, आणि टर्बाइन हाउसिंगच्या आतली ती गोलाई जिच्यात चाक फिरतं.

शेवटच्या जागेचं गणित पाहा. चाकाची कड आणि हाउसिंग यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांश भागांएवढं असतं. ०.४ मिलिमीटर धरू. तिथे ०.३ मिलिमीटरचा प्लाझ्मा थर बसला तर उरलं ०.१. तापलेलं चाक वाढतं, दांडा बेअरिंगमध्ये थोडा हलतो, आणि चाक घासतं. पातळ थरानं घासणार नाही कदाचित, पण थराचा एखादा कण सुटला तर थेट चाकाच्या वाटेवर.

ब्लास्टिंगच्या वेळी आटे वाचवण्याची सोपी रीत म्हणजे त्यांत जुने बोल्ट फिरवून बसवणं. फ्लँजच्या मापाची जुनी पत्र्याची पट्टी कापून बोल्टनं आवळली की मिळवणीचा पृष्ठभाग शाबूत राहतो. गोल भोकांना रबरी बुचं. साधी कागदी मास्किंग टेप ब्लास्टिंगच्या माऱ्यापुढे क्षणात फाटते.

८. खरखरीत करणं

सँडब्लास्टिंग म्हणत असले तरी त्यात वाळू वापरायची नाही. नदीच्या वाळूत सिलिका असते. ती फुटून तिची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कायद्यानं नोंद करणं सक्तीच्या व्यावसायिक आजारांत तो मोडतो. कोटिंगवाला उघड्यावर वाळू मारत असेल तर तिथे काम देऊ नये.

योग्य दाणा म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. पातळ थरासाठी १०० ते १२० नंबरचा दाणा. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. प्लाझ्मा स्प्रेसाठी याहून बराच जाड दाणा लागतो. काचेच्या गोळ्या भाग चमकवतात, पण खाचा पाडत नाहीत. उलट पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात. देखण्या कामाला त्या चांगल्या, कोटिंगच्या आधी नकोत. स्टेनलेसवर लोखंडी छर्रे किंवा आधी लोखंडावर वापरलेला दाणा मारू नये. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे स्टेनलेसवरही तांबड्या टिकल्या येतात.

दाब साधारण ८० ते १०० पीएसआय. पातळ पत्र्याच्या पाइपला कमी, नाहीतर पत्रा वाकतो. भाग एकसारखा, चमक नसलेला, राखाडी दिसेपर्यंत मारायचं. उजेडात तिरपा धरून पाहिला की राहिलेली जागा चमकून दिसते. मॅनिफोल्डचे रनर जिथे एकत्र मिळतात ती बेचकी आणि फ्लँजची मागची बाजू या हमखास राहणाऱ्या जागा.

हवा कोरडी आणि तेलमुक्त हवी. कंप्रेसरमधून पाणी आणि तेलाचे सूक्ष्म थेंब येतात. तपासणी सोपी: नोझलमध्ये दाणा न सोडता मिनिटभर पांढऱ्या फडक्यावर हवा मारा. फडक्यावर ओल किंवा पिवळट डाग आला तर त्या हवेनं केलेलं ब्लास्टिंग म्हणजे साफ केलेल्या भागावर पुन्हा तेल फवारणं.

९. ब्लास्टिंग ते फवारा: मधले काही तास

ब्लास्टिंग झालेला भाग उघडा असतो, आणि उघडं बीड हवेतली ओल लगेच घेतं. वरवंडचा दौंड तालुका पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात हवा कोरडी. पण पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवात तसं नसतं. शक्यतो त्याच दिवशी, काही तासांतच थर द्यावा. रात्रभर ठेवलेला भाग दुसऱ्या दिवशी तांबूस दिसला तर त्यावर थर मारू नये. पुन्हा हलकं ब्लास्टिंग करावं. वरवंडहून भाग पुण्याला ब्लास्टिंगला एकीकडे आणि कोटिंगला दुसरीकडे असा फिरवायचा असेल तर ही साखळी तुटते. दोन्ही एकाच छताखाली होतील अशी जागा शोधावी.

हात लावायचा नाही. बोटावरचं तेल आणि मीठ पुरेसं असतं. कोरडे, पावडर नसलेले हातमोजे वापरावेत आणि भाग तारेला टांगून ठेवावा.

आतले दाणे काढणं हे या टप्प्यातलं सगळ्यात मोठं काम. मॅनिफोल्डच्या वळणात एक दाणा राहिला आणि गाडी चालू झाल्यावर सुटला तर तो टर्बाइनवर आदळतो. छोट्या कारच्या टर्बोचं चाक ४० मिलिमीटर व्यासाचं धरू आणि ते मिनिटाला २ लाख फेरे घेतं असं धरू. चाकाच्या कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४२० मीटर, साध्या हवेतल्या आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. त्या वेगानं ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण दाणा आपटला की पात्याला खाच पडते, तोल जातो, आणि काही दिवसांत बेअरिंग. म्हणून भाग सगळ्या बाजूंनी फिरवत, ठोकत, हवा मारत दाणे काढायचे. आतून टॉर्च आणि बारीक कॅमेरा घालून पाहायचं. थर दिल्यानंतर आणि गाडीवर चढवण्याआधी पुन्हा एकदा.

१०. थर दिल्यानंतर

थर पक्का होण्याची रीत मालाप्रमाणे बदलते. ती कोटिंगवाल्याकडून लिहून घ्यावी. गाडीवर चढवल्यावर पहिल्या वेळी लगेच घाट चढायला नेऊ नये. इंजिन हळू चालवून गरम करावं, पूर्ण गार होऊ द्यावं, असं दोन-तीनदा करून मग जोर लावावा. पहिल्या वेळी थोडा वास आणि धूर येतो. नटबोल्टांवर उष्णता सहन करणारी चिकटरोधक पेस्ट लावावी, नवं पॅकिंग घालावं, आणि टर्बोला तेल पोचल्याची खात्री करूनच जोर द्यावा.

कोटिंग केलेल्या पाइपवर वरून कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह टाळावा. पट्टी पाणी आणि गळलेलं तेल शोषते. तेल भिजलेली पट्टी आगीचं निमित्त होते. पाचटात चालणाऱ्या हार्वेस्टरला तर कोटिंग असो वा नसो, इंजिनभोवतीचं पाचट रोज हवेनं उडवणं हाच पहिला उपाय.

११. कोटिंग कुणी करू नये

मॅनिफोल्ड आरपार तडकलेलं असेल, पाइप गंजून पत्र्यासारखा पातळ झाला असेल, किंवा टर्बोच तेल गाळत असेल, तर आधी ते दुरुस्त करा. गळणारं तेल बाहेरून थर खराब करत राहतं, आणि त्या टर्बोला आज ना उद्या खोलायचंच आहे. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्राला विचारल्याशिवाय एक्झॉस्टचे भाग खोलू नयेत.

बाकीच्यांनी कोटिंगवाल्याला चार प्रश्न विचारावेत. ब्लास्टिंगच्या आधी भाग भट्टीत भाजता का, आणि किती अंशांना? दाणा कुठला? ब्लास्टिंगपासून फवाऱ्यापर्यंत किती वेळ जातो? टर्बाइन हाउसिंगमध्ये काय झाकता? पहिल्या प्रश्नाला “भाजतो, धूर थांबेपर्यंत” असं उत्तर देणाऱ्या आणि चौथ्याला तुमची चिठ्ठी मागणाऱ्या माणसाकडे भाग द्यायला हरकत नाही. जो फक्त रंगांचा तक्ता आणि १२०० अंशांची हमी दाखवतो, त्याच्याकडे देऊ नका. डब्यावरची हमी डब्यातल्या मालाची असते. ती तेलकट बिडाला लागू होत नाही.